बायका मोजू नका, मुलं मोजा

पत्र: मी ६७ वर्षांची, बँकेतून निवृत्त. मे महिन्यात मुलाकडे इंग्लंडला चालले आहे, तीन महिन्यांसाठी. आमच्या महिला मंडळानं आत्ताच जाहीर करून टाकलंय की परत आल्यावर मी 'आठवा हेन्री आणि त्याच्या सहा राण्या' यावर अर्धा तास बोलणार. टिपणं काढायला बसले आणि डोकं गरगरायला लागलं. तीन कॅथरिन, दोन अ‍ॅन, एक जेन! घटस्फोटासाठी यानं धर्म बदलला म्हणतात. आपल्याकडे राजांना चार-चार राण्या असत, त्यासाठी कुणी धर्म मोडला नाही. मुलगा नसला तर दत्तक घेत. याला तेवढं सुचलं नाही? आणि ज्या मुलींना अनौरस ठरवलं त्याच पुढे गादीवर कशा बसल्या? शेवटचं जरा नाजूक आहे. माझी सून वसईची, कॅथलिक. मंडळ भाषणाचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकणार आहे. पोरगी गुणाची आहे, तिच्या मनाला लागेल असं काही माझ्या तोंडून जायला नको.
– गोंधळलेली आजी, डोंबिवली

आजी, नमस्कार.

वहीतलं ते सहा नावांचं पान आधी बाजूला ठेवा. सहा राण्यांची गोष्ट सांगायला घेतली की तिची खानेसुमारी होते. हिला टाकली, हिचं डोकं उडवलं, ही बाळंतपणात गेली, पुन्हा एकीला टाकली, पुन्हा एकीचं डोकं. श्रोत्या चुकचुकतात, मागच्या रांगेतून कुणीतरी 'मेला' म्हणतं, तोवर चहा येतो. गादी कुणाला मिळाली आणि देशाचा धर्म का पालटला, हे सांगायचं राहूनच जातं. तुम्ही बायका मोजू नका, मुलं मोजा. ती तीनच जगली: मेरी, एलिझाबेथ आणि एडवर्ड. तिघांच्या आया वेगळ्या, आणि तिघंही गादीवर बसली. अर्ध्या तासात एवढंच मावतं.

दत्तकाचा तुमचा प्रश्न मराठी माणसालाच सुचणार. भाषणाची सुरुवात त्यानंच करा, सभागृह जागं होईल. तर हेन्रीला दत्तक का घेता आला नाही? कारण तिथे दत्तकपुत्राला गादी मिळतच नसे. लेकावळ्यालाही नाही. हेन्रीला असा एक मुलगा होता, हेन्री फिट्झरॉय, १५१९ चा. सहा वर्षांच्या त्या पोराला त्यानं रिचमंडचा ड्यूक करून टाकलं, म्हणजे मनात काहीतरी घोळत असणारच. पण तो १५३६ मध्ये, विशीही न गाठता वारला. मग दुसरी राणी? पहिली जिवंत असताना चर्चच्या कायद्यात दुसरी करता येत नाही. आणि घटस्फोट, ज्यावर तुमच्या टिपणांत तीनदा रेघ मारलेली असेल, तो तर त्या कायद्यात नव्हताच. वाट एकच होती. झालेलं लग्न मुळात झालंच नव्हतं, असं चर्चकडून ठरवून घ्यायचं. आपल्या हिंदू विवाह कायद्यात 'शून्य विवाह' म्हणतात ना, तसं. फरक एवढाच की आपला कायदा शून्य विवाहातल्या मुलांनाही औरस मानतो. तिथे लग्न शून्य ठरलं की पोरही उघड्यावर.

आपल्याकडे १६८० मध्ये रायगडावर पेच पडला तो संभाजीराजे की राजाराम असा. कुठल्या राणीचा मुलगा, एवढाच प्रश्न. दोघांच्याही आया राण्या होत्या याबद्दल वाद नव्हता. हेन्रीच्या घरात वाद होता तो आई राणी होती की नव्हती, हाच. त्याचा निवाडा करायचा अधिकार रोमच्या पोपचा. म्हणजे पाळण्याचं भांडण थेट देवळाच्या पायरीवर. हे एकदा तुमच्या मंडळींच्या डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप उलगडतं.

मुलगी गादीवर बसू नये असा कायदा नव्हता, हेही सांगून टाका. भीती होती. बाराव्या शतकात माटिल्डा नावाच्या राजकन्येनं हक्क सांगितला तेव्हा देशात यादवी माजली होती. हेन्रीच्या बापानं तर गादी १४८५ मध्ये रणांगणावर मिळवलेली. घराणं नवं, भिंती ओल्या.

आता पहिली कॅथरिन, स्पेनमधल्या अ‍ॅरागॉनची. तिला वेळ द्या, गोष्टीची चावी तिच्याकडे आहे. १५०१ मध्ये तिचं लग्न हेन्रीच्या थोरल्या भावाशी, आर्थरशी झालं. पाच महिन्यांत तो गेला. मग धाकट्या दिराशी लग्न लावायचं ठरलं आणि त्यासाठी पोपची खास परवानगी आणली. १५०९ मध्ये हेन्री राजा झाला आणि दोन महिन्यांच्या आत तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. तो अठराही पुरा नव्हता, ती तेवीस. पहिली काही वर्षं बरी गेली. १५११ च्या पहिल्या दिवशी मुलगा झाला, बावन्न दिवसांनी गेला. कितीतरी बाळंतपणं अशीच वाया गेली. १५१६ मध्ये मेरी झाली, तेवढी जगली. त्यानंतर १५१८ मध्ये एकदा दिवस गेले, ते शेवटचे.

इथे सुनेची मदत घ्या. तिच्याकडे मराठी बायबल असेलच. लेवीय या पुस्तकाचा विसावा अध्याय, एकविसावी ओवी काढायला सांगा: भावाची बायको करणारा निःसंतान राहील. आता अनुवाद, अध्याय पंचवीस, ओवी पाच: भाऊ मूल नसताना वारला तर त्याच्या विधवेशी दिरानं लग्न करावं. एकाच ग्रंथात दोन्ही! हेन्रीनं पहिली ओवी छातीशी धरली. मेरी समोर वाढत होती, पण राजाच्या हिशेबी मुलगी म्हणजे संतान नव्हे. जुन्या पोपनं दिलेली परवानगीच देवाच्या आज्ञेविरुद्ध होती, सबब लग्न शून्य, असा त्याचा दावा. अ‍ॅन बोलिन, पुढे झालेली दुसरी राणी, तोवर मनात भरली होती, हे अर्थातच. पण मला विचाराल तर या ओवीवर त्याचा खरोखर विश्वास बसला होता. स्वतःच्या सोयीच्या गोष्टीवर माणसाचा विश्वास पटकन बसतो, आणि राजाचा जरा जास्तच.

एरवी पोपनं मोडता घातला असता असं नाही. फ्रान्सच्या बाराव्या लुईला १४९८ मध्ये अशी सवलत मिळाली होती. पण १५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजेनं रोम लुटलं आणि पोप सातवा क्लेमेंट जवळजवळ त्याच्या कैदेत पडला. हा चार्ल्स कोण? कॅथरिनच्या बहिणीचा मुलगा. मावशीला टाकायची परवानगी भाच्याच्या पहाऱ्यात बसून द्यायची! पोपनं मग आपल्याकडची दिवाणी कोर्टं करतात ते केलं: तारखा. १५२९ मध्ये लंडनला ब्लॅकफ्रायर्स इथे न्यायासन बसलं. कॅथरिन भरल्या सभेत नवऱ्यापुढे गुडघे टेकून बसली, आपली बाजू मांडली, रोमकडे दाद मागितली आणि उठून चालती झाली. मागून पुकारा होत राहिला, ती वळली नाही.

शेवटी १५३३ मध्ये हेन्रीच्या पार्लमेंटनं कायदा केला की इंग्लंडच्या खटल्याचं अपील रोमला जाणार नाही. नवा आर्चबिशप क्रॅन्मर यानं मे महिन्यात पहिलं लग्न रद्दबातल ठरवलं. अ‍ॅनशी गुपचूप लग्न त्याआधी जानेवारीतच उरकलं होतं आणि तिला दिवस गेले होते. ज्योतिषी, वैद्य सगळे म्हणाले, मुलगा. जन्माची पत्रं आधीच लिहून ठेवली होती, 'राजपुत्र' शब्द घालून. ७ सप्टेंबरला मुलगी झाली, एलिझाबेथ. नवी पत्रं लिहायला वेळ कुठला? त्या काळच्या इंग्रजीत राजपुत्राच्या शब्दाला शेवटी एक अक्षर जोडलं की राजकन्या होते. ते अक्षर दाटीवाटीनं कोंबलं आणि पत्रं रवाना केली. भाषणात हे जरूर सांगा. १५३४ मध्ये राजा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला, आणि ते शपथेवर मान्य न करणाऱ्या थॉमस मोरचं, त्याच्याच माजी मंत्र्याचं, डोकं पुढच्या वर्षी गेलं.

सतरा वर्षांच्या मेरीचं काय झालं? राजकन्या ही पदवी काढून घेतली आणि तिला तान्ह्या एलिझाबेथच्या लवाजम्यात राहायला पाठवलं, हॅटफिल्डला. आईला भेटायची बंदी. दोघींची भेट मग झालीच नाही.

तुमच्या टिपणांतली दुसरी दुरुस्ती: 'धर्म बदलला' असं म्हणू नका. हेन्रीनं मालक बदलला, पूजा तीच ठेवली. लॅटिन मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, तशीच, धर्मगुरूंना लग्नाची बंदी तशीच. १५३९ मध्ये त्यासाठी कडक कायदाही केला. ३० जुलै १५४० ला लंडनच्या स्मिथफील्डमध्ये एकाच दिवशी तीन प्रॉटेस्टंट, म्हणजे पोपला न मानणारे सुधारणावादी ख्रिस्ती, जाळले, कारण त्यांना बदल जास्त हवा होता, आणि तीन कॅथलिक फासावर चढवून कापले, कारण त्यांना पोप हवा होता. मुलानं तिकडे नाणं हातात दिलं की ते निरखून बघा. राजाच्या नावापुढे दोन अक्षरं दिसतील, एफ आणि डी, लॅटिनमध्ये 'धर्मरक्षक'. ही पदवी हेन्रीला १५२१ मध्ये मिळाली, प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरविरुद्ध ग्रंथ लिहिला म्हणून. कुणी दिली? पोपनं! पोप सोडला, पदवी सोडली नाही. आजही चालूच आहे.

खरी उलथापालथ मठांची. १५३६ ते १५४० या चार वर्षांत आठशेच्या आसपास मठ बंद झाले आणि त्यांच्या जमिनी सरदारांना, सावकारांना विकल्या गेल्या. पुढे मेरीनं देश पुन्हा पोपच्या छत्राखाली आणला तेव्हाही त्या जमिनी घेतलेल्यांकडेच राहू द्याव्या लागल्या. घेणाऱ्यांत कॅथलिकही होते ना! सातबाऱ्यावर नाव चढलं की श्रद्धेचा विषय निराळा आणि जमिनीचा निराळा.

आता भाषणाचा गाभा, इथे सावकाश बोला. मेरी औरस ठरायची तर पोपची ती जुनी परवानगी खरी धरावी लागते. एलिझाबेथ औरस ठरायची तर तीच परवानगी खोटी धरावी लागते. एकीची आई राणी असेल तर दुसरीची आई रखेल. मेरीनं प्रॉटेस्टंट व्हायचं म्हणजे आईच्या बावीस-चोवीस वर्षांच्या संसारावर पाणी सोडायचं. एलिझाबेथनं पोपला मानायचं म्हणजे स्वतःला अनौरस म्हणवून घ्यायचं. या दोघींचा धर्म त्यांच्या जन्मदाखल्यातच लिहिला गेला होता. श्रद्धा खोट्या होत्या असं मी म्हणत नाही, मेरीची तर फारच खरी होती. पण वाटा दोन नव्हत्या.

आणि एडवर्ड? जानेवारी १५३६ मध्ये कॅथरिन वारली, १९ मेला अ‍ॅनचं मुंडकं उडालं, आणि ३० मेला हेन्रीनं जेन सीमोरशी लग्न केलं. अकरा दिवसांत! बाप निर्लज्ज, पण मुलाच्या दृष्टीनं मुहूर्त अचूक. आधीच्या दोघीही हयात नाहीत, तेव्हा १५३७ मध्ये झालेल्या मुलावर कॅथलिकांना बोट ठेवता येईना आणि प्रॉटेस्टंटांनाही. जेन बाराव्या दिवशी गेली. अ‍ॅनच्या बाबतीत आणखी एक तर्कट ऐका. शिरच्छेदाच्या दोन दिवस आधी तिचंही लग्न शून्य ठरवलं. लग्नच नव्हतं तर व्यभिचार कसला? हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

उरलेल्या तिघी पाच मिनिटांत उरका. क्लीव्ह्जची अ‍ॅन सहा महिन्यांत सुटली, घरदार-जमिनी घेऊन सुखात राहिली. ते लग्न जुळवणाऱ्या क्रॉमवेल या मंत्र्याची मात्र मान गेली, आणि त्याच दिवशी राजानं कॅथरिन हॉवर्डशी लग्न केलं. ती पोर दीड वर्षात वधस्तंभावर. शेवटची कॅथरिन पार हिला मात्र एक वाक्य जास्त द्या. तिनं सावत्र मुलींना मायेनं जवळ केलं. १५४४ मध्ये पार्लमेंटनं कायदा केला: आधी एडवर्ड, मग मेरी, मग एलिझाबेथ. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. रांगेत नाव घातलं, अनौरस हा शिक्का पुसलाच नाही. हेन्रीला वाटलं, कायद्यानं जे ठरवू ते खरं. आपण चुकलो होतो असं म्हणायची गरज काय?

१५४७ मध्ये नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर बसला आणि कारभार गेला मामाच्या हाती, जेनचा भाऊ एडवर्ड सीमोर. मामा सुधारणावाद्यांचा, मास्तरही त्याच मताचे. खरा धर्म पालटला तो इथे. प्रार्थना इंग्रजीत आल्या, मूर्ती उतरल्या, पाद्री लग्नं करू लागले. म्हणजे तिसऱ्या लग्नानं नुसता वारस दिला नाही, वारसाचा मामाही दिला. पुढे मामाचंही डोकं गेलं, ते राहू द्या.

पंधराव्या वर्षी एडवर्ड मरायला टेकला. मेरी आली तर सगळं उलटणार. तिला कॅथलिक म्हणून वगळायची सोय कायद्यात नव्हती. अनौरस म्हणून वगळावं तर तोच दोष एलिझाबेथला. म्हणून दोघी बाद. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद लंडनमध्ये जपून ठेवलाय. आधी लिहिलं होतं, गादी 'जेनच्या मुलग्यांना', म्हणजे आतेबहिणीची मुलगी जेन ग्रे हिच्या. पण मुलगे होते कुठे? मग तिथेच खाडाखोड करून केलं, 'जेनला आणि तिच्या मुलग्यांना'. वीस वर्षांपूर्वी मुलगी झाली म्हणून एक अक्षर कोंबलं होतं, आता मुलगा नाही म्हणून एक-दोन शब्द. जेन ग्रे नऊ दिवस टिकली. लोक मेरीच्या मागे उभे राहिले.

मेरीनं पहिल्याच पार्लमेंटमध्ये आईचं लग्न कायदेशीर ठरवून घेतलं. मग स्पेनच्या फिलिपशी लग्न, तो त्या पाचव्या चार्ल्सचाच मुलगा. १५५४ मध्ये देश पुन्हा रोमकडे. मूल होणार म्हणून दवंडी पिटली, तेही खोटं निघालं. सुमारे २८० माणसं पाखंडी म्हणून जाळली गेली, त्यात तिच्या आईचं लग्न मोडणारा क्रॅन्मरही. १५५८ मध्ये ती गेली, एलिझाबेथ आली आणि चर्च पुन्हा रोमपासून तुटलं, या वेळी कायमचं. ती ४४ वर्षं बसली, लग्न केलंच नाही. बापाचं बघून दुसरं काय करणार, असं आपल्याला वाटतं. १६०३ मध्ये गादी गेली स्कॉटलंडच्या जेम्सकडे, म्हणजे हेन्रीच्या थोरल्या बहिणीच्या वंशात. हेन्रीनं मृत्युपत्रात नेमकी तीच शाखा वगळली होती!

आता सूनबाई. भाषणात 'कॅथलिकांनी जाळलं' असं सुटं वाक्य येऊ देऊ नका, स्मिथफील्डचा तो दिवस आणि मेरीच्या चिता दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा. आणि मसुदा आधी तिला वाचून दाखवा. मिस्सा, दीक्षा, धर्मगुरू हे शब्द ती तुमच्यापेक्षा नीट वापरील. तिच्यासाठी एक गंमतही आहे. शंभर वर्षांनी दुसऱ्या चार्ल्सनं पोर्तुगालची कॅथरिन केली, आणखी एक कॅथलिक कॅथरिन. १६६१ च्या तहात तिच्या हुंड्यात मुंबई इंग्रजांना मिळाली. सुनेची वसई पोर्तुगिजांकडेच राहिली, थेट १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेईपर्यंत. त्या राणीलाही मूल झालं नाही, गादी कॅथलिक दिराकडे गेली, आणि १६८८ मध्ये त्यालाही पळावं लागलं. कॅथलिकाशी लग्न केलं तर गादीचा हक्क जाईल, हा तिथला कायदा २०१३ मध्ये बदलला. राजानं स्वतः मात्र कॅथलिक असायचं नाही, ते अजून तसंच आहे.

दोन ठिकाणी मुद्दाम थांबा. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात १५४५ च्या सुमाराचं एक मोठं चित्र आहे. मधोमध हेन्री, एका बाजूला एडवर्ड, दुसऱ्या बाजूला राणी. राणी कोण? घरात होती कॅथरिन पार. चित्रात आहे जेन सीमोर, मरून आठ वर्षं झालेली. मेरी आणि एलिझाबेथ खांबांच्या पलीकडे, एक या टोकाला, एक त्या. १५४४ चा कायदाच रंगवलाय म्हणा ना. त्याच राजवाड्याच्या मोठ्या दालनात लाकडी पडद्यावर हेन्री आणि अ‍ॅन यांची अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतात. बाकीची काढून टाकली, ही सुतारांच्या नजरेतून सुटली. नातवाला शोधायला लावा.

दुसरं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे. शाल न्या, मे महिन्यातही आत गारठा असतो. सातव्या हेन्रीच्या चॅपेलच्या उत्तरेकडच्या ओळीत एलिझाबेथची कबर आहे, वर तिचा संगमरवरी पुतळा. गर्दी पुढे ढकलत राहते, पण तुम्ही कडेला होऊन खाली पायथ्याचा लॅटिन मजकूर बघा. मेरी तिथेच आहे, त्याच कबरीत. तिचा पुतळा नाही, नुसतं नाव. राज्यात आणि थडग्यात भागीदार असलेल्या आम्ही दोघी बहिणी इथे निजलो आहोत, असं लिहिलंय.